हेगच्या न्यायालयात संशोधनाची जागा: आधी पैशाची वाट, मग अर्ज

कायद्याची पदवी आहे, दोन-चार वर्षं वकिली किंवा अध्यापन झालं आहे आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात हात घालायचा आहे, अशांसाठी हा लेख आहे. नेदरलँड्समधल्या हेग शहरात तीन ते सहा महिन्यांच्या संशोधनाच्या जागा असतात. बहुतेक जण त्या उलट क्रमाने शोधतात: आधी अर्ज, मग निवड, मग पैसा. निवडपत्र हातात येतं, सहा महिन्यांचा खर्च कुणी द्यायचा ते ठरत नाही आणि जागा सोडावी लागते. म्हणून इथे पैशापासून सुरुवात केली आहे. पण त्याआधी न्यायालयं नीट वेगळी करून घेऊ.

कुठलं न्यायालय?

कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे हेग हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचलं. १७ जुलै २०१९ चा तो निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा, म्हणजे आयसीजेचा. पीस पॅलेसमधलं हे न्यायालय दोन देशांमधले वाद ऐकतं. तिथे आरोपी नसतो आणि शिक्षाही नसते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे आयसीसी, वेगळं. त्याचा पाया असलेला रोम करार १७ जुलै १९९८ ला मंजूर झाला आणि १ जुलै २००२ पासून लागू झाला. हे न्यायालय व्यक्तींवर खटले चालवतं, तेही चारच गुन्ह्यांसाठी: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. तिसरी संस्था म्हणजे युगोस्लाव्हिया आणि रवांडा न्यायाधिकरणांचं उरलेलं काम पाहणारी यंत्रणा, आयआरएमसीटी. तिच्या शाखा हेग आणि टांझानियातल्या आरुशा इथे आहेत आणि तिथली इंटर्नशिप बिनपगारी असते.

अर्जात आयसीजे आणि आयसीसी यांची सरमिसळ झाली तर पुढचं कुणी वाचत नाही. पण विषयाच्या दृष्टीने दोन्हींकडे लक्ष ठेवा. वंशसंहार कराराखालची गांबिया विरुद्ध म्यानमार, दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल ही प्रकरणं आयसीजेपुढे आली आहेत आणि त्यांत लागणारं संशोधन फौजदारी कायद्याला अगदी लागून आहे.

पैसा कुठून येतो

आयसीसीचा इंटर्न आणि व्हिजिटिंग प्रोफेशनल कार्यक्रम मुळात बिनपगारी आहे. इंटर्न म्हणजे शिक्षण संपत आलेला किंवा नुकतंच संपलेला उमेदवार. व्हिजिटिंग प्रोफेशनल म्हणजे कामाचा अनुभव असलेला. यातल्या काही जागांना एका ट्रस्ट फंडातून स्टायपेंड मिळतो, पण तो फंड विकसनशील सदस्य देशांच्या नागरिकांसाठी आहे. इथेच भारतीय पासपोर्ट अडतो. रोम कराराच्या मतदानात १२० देश बाजूने होते, ७ विरोधात आणि २१ तटस्थ. भारत तटस्थ राहिला आणि आजही सदस्य नाही. बांगलादेश सदस्य आहे, त्यामुळे ढाक्याच्या वकिलाला खुली असलेली वाट पुण्याच्या वकिलाला बंद असू शकते. जाहिरातीत निधी असलेली जागा दिसली की पात्र देशांची यादी आधी पाहा, कामाचं वर्णन नंतर. तुमच्याकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असेल तर हिशोब त्या पासपोर्टवरून होतो.

मग भारतीयाने काय करायचं? खरं सांगायचं तर चार वाटा आहेत आणि पहिली सगळ्यांत कमी वापरली जाते.

आयसीजेच्या ज्युडिशियल फेलोशिपमध्ये उमेदवार स्वतः अर्ज करत नाही, विद्यापीठ त्याचं नाव पाठवतं. मुदत सप्टेंबरपासून सुमारे दहा महिने, काम एका न्यायमूर्तींच्या हाताखाली. पूर्वी स्टायपेंडची हमी विद्यापीठानेच द्यायची असल्याने श्रीमंत पाश्चात्त्य विद्यापीठांचंच फावायचं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने यासाठी ट्रस्ट फंड मंजूर केला. विकसनशील देशाचा नागरिक आणि विकसनशील देशातल्याच विद्यापीठाने पाठवलेलं नाव, अशा उमेदवारांसाठी तो आहे. भारतीय विधी विद्यापीठं या व्याख्येत बसतात. अडचण असते ती विद्यापीठाच्या आत. पत्रावर सही कुणाची, नावं कुठली समिती निवडणार, हे ठरलेलं नसतं आणि मुदत निघून जाते. नावं हिवाळ्यात मागवली जातात, म्हणून दिवाळीच्या आधीच कुलसचिव किंवा अधिष्ठात्यांच्या कार्यालयात लेखी विचारणा करा. सोबत फेलोशिपच्या अटींचा एक पानी गोषवारा जोडा. विचारणा पहिल्यांदा तुम्हीच करत असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरी वाट परदेशातल्या एलएलएमची. युरोप-अमेरिकेतली काही विद्यापीठं आपल्याच विद्यार्थ्यांना हेगमधल्या कामासाठी स्टायपेंड देतात. प्रवेश घेतानाच ही रक्कम किती, किती जणांना आणि पदवीनंतर मिळते का, हे लेखी विचारून घ्या. तिसरी जर्मनीची: फ्रायबुर्गची माक्स प्लांक संस्था आणि न्यूरेंबर्गची प्रिन्सिपल्स अकादमी या विषयावर काम करतात, आणि पीएचडी करणाऱ्यांना डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक आदानप्रदान सेवेच्या, संशोधन शिष्यवृत्त्यांचा पर्याय आहे. तिथे न्यायालयाची कागदपत्रं हाताळायला मिळत नाहीत, पण संशोधन तेच. चौथी वाट म्हणजे फर्म किंवा महाविद्यालयाकडून पगारी रजा. अनुभवी लोकांना हीच जमते.

खर्चाचा अंदाज: खोली ७०० ते १,००० युरो, जेवण २५० ते ३००, ट्राम-सायकल ६० ते १००, विमा आणि फोन १०० च्या आसपास. म्हणजे महिन्याला १,१०० ते १,५०० युरो. हिशोबापुरता १ युरो १०० रुपये धरला तर सहा महिन्यांना विमानभाडं सोडून साडेसहा ते नऊ लाख. त्यातही पहिला महिना सर्वांत जड, कारण खोलीची अनामत एक ते दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि स्टायपेंड असलाच तर तो महिना संपल्यावर येतो. सुरुवातीला ३,००० युरो हाताशी नसतील तर निघू नका.

एक इशारा अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आयसीसीवर निर्बंधांचा आदेश काढला आणि मुख्य अभियोक्त्यांसह काही न्यायाधीश यादीत गेले. यादीतल्या व्यक्तीला सेवा देणं अमेरिकी नागरिकाला आणि ग्रीन कार्डधारकालाही कायदेशीर अडचणीत आणू शकतं. बिनपगारी काम केलं म्हणून सुटका होत नाही. निर्बंधांच्या कायद्यातल्या वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नका.

अर्ज कुठल्या विभागाला

आयसीसीत एकच अर्ज सगळीकडे टाकणारे लगेच ओळखू येतात. न्यायाधीशांचे विभाग तीन: पूर्वचौकशी, खटला आणि अपील. तिथे कायद्याच्या एकेका प्रश्नावर मेमो लिहायचे असतात, म्हणून लेखन कसदार हवं. अभियोक्त्यांच्या कार्यालयात पुराव्यांची छाननी जास्त, कायद्याचं विवेचन त्या मानाने कमी. उघड स्रोतांतून, म्हणजे व्हिडिओ, उपग्रहचित्रं, समाजमाध्यमांतून पुरावा गोळा करण्याची सवय असेल तर तिथे उपयोग होतो. मात्र बर्कली प्रोटोकॉल, म्हणजे असा डिजिटल पुरावा कसा गोळा करावा याची मार्गदर्शिका, वाचलेली असावी. बळींच्या आणि बचाव पक्षाच्या सार्वजनिक वकिलांची दोन स्वतंत्र कार्यालयं आहेत. भारतात सत्र न्यायालयात फौजदारी काम केलेल्या वकिलाने या दोनांचा विचार आधी करावा. माणसं कमी, त्यामुळे नवख्याच्या हातातही खऱ्या मसुद्याचा तुकडा येतो.

अर्ज, उत्तर, सुरक्षा तपासणी आणि व्हिसा यांत निम्मं वर्ष सहज जातं. सुरुवातीच्या अपेक्षित तारखेच्या आठ-नऊ महिने आधी कामाला लागा. अर्ज न्यायालयाच्या स्वतःच्या भरती संकेतस्थळावरच होतो आणि त्यासाठी एक पैसाही मागितला जात नाही. 'प्रक्रिया शुल्क' मागणारा ईमेल फसवणुकीचाच.

सहसा लागतं ते असं: वैयक्तिक माहितीचा फॉर्म, एक पानी प्रेरणापत्र, दोन शिफारसपत्रं, त्यांतलं निदान एक प्राध्यापकाचं, पदवीच्या आणि गुणपत्रकांच्या स्कॅन प्रती, आणि न्यायालयाच्या कामाशी संबंधित ७५० शब्दांचा निबंध. निवड बहुतांशी या निबंधावर ठरते असं आमचं ठाम मत आहे.

७५० शब्दांचा निबंध

'आंतरराष्ट्रीय न्यायापुढील आव्हानं' हा विषय घेऊ नका. ७५० शब्दांत एकच प्रश्न मावतो आणि त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता आलं पाहिजे. नमुना म्हणून रोहिंग्या प्रकरण घ्या. म्यानमार सदस्य नाही, बांगलादेश आहे. लोकांना सक्तीने सीमेपार हाकललं तर गुन्हा कुठे घडला? पूर्वचौकशी विभागाने ६ सप्टेंबर २०१८ ला म्हटलं की हद्दपारीच्या गुन्ह्यात सीमा ओलांडणं हा घटकच आहे, त्यामुळे गुन्ह्याचा एक भाग बांगलादेशच्या भूमीवर घडला आणि कलम १२(२)(अ) खाली अधिकारक्षेत्र येतं. आता तुमचा प्रश्न: हाच तर्क देशाच्या आतल्या आत केलेल्या सक्तीच्या स्थलांतराला लावता येईल का? कलम ७(१)(ड) मध्ये दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, पण सीमेची अट एकालाच आहे.

पहिल्या ६० शब्दांत प्रश्न आणि उत्तर मांडा. मग ३०० शब्द कायद्याचे, २५० तुमच्या युक्तिवादाचे आणि उरलेले सगळे तुमच्या बाजूच्या कच्च्या दुव्यावर. हा शेवटचा भाग बहुतेक जण टाळतात, कारण आपल्याकडे महाविद्यालयात मूट कोर्टची सवय बाजू लढवण्याची असते. न्यायाधीशाला मात्र विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा माहीत असलेला सहायक हवा असतो.

भारतीय न्यायालयातल्या तुमच्या अशिलाचा मसुदा लेखनाचा नमुना म्हणून पाठवू नका, नावं काळी करूनही नाही. गोपनीयता न पाळणारा माणूस अशीच तुमची पहिली ओळख होते.

शिफारसपत्र मागताना प्राध्यापकांना निबंध आणि जाहिरात दोन्ही पाठवा. 'मेहनती आणि प्रामाणिक' एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी. तुम्ही कुठला प्रश्न, किती स्रोत चाळून, किती दिवसांत सोडवला हे त्यात यायला हवं. भाषेचं म्हणाल तर इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम हवी. कांगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि माली इथल्या प्रकरणांतले ढीगभर कागद फ्रेंचमध्ये आहेत. मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये वाचनापुरती फ्रेंच वर्षभरात येते आणि अर्जात तिचं वजन पडतं.

कागदपत्रं: आपल्याकडचे नेहमीचे अडथळे

सर्वांत मोठी डोकेदुखी नावाची. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. वकिलीच्या सनदेवर तिसराच क्रम, लग्नानंतर नाव बदललं असेल तर चौथा. हेगमधल्या कर्मचाऱ्याला या चार वेगळ्या व्यक्ती वाटतात. 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून पहिल्याच अर्जाला जोडा. फॉर्ममध्ये मात्र नाव पासपोर्टवर आहे तस्संच.

ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात चार ते सहा आठवडे धरा, परीक्षांच्या हंगामात त्याहून जास्त. जन्मदाखल्यावर तुमचं नाव आहे का पाहा. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरी असते किंवा दाखला फक्त मराठीत असतो. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून द्विभाषिक दाखला घ्या, मंत्रालयातून साक्षांकित करा आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचं प्रमाणन, घ्या. अर्जाच्या वेळी हा लागत नाही. हेगच्या नगरपालिकेत पत्ता नोंदवताना मागितला जाऊ शकतो आणि तिथून तो मिळवणं म्हणजे आईवडिलांना मुंबईच्या फेऱ्या. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून.

सनदधारकांसाठी आणखी एक. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे असा युक्तिवाद करता येतो, पण तो परतल्यावर करण्यापेक्षा जाण्याआधी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला पत्र देऊन पोच घेतलेली बरी.

९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर साधा शेंगेन व्हिसा चालत नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा यजमान संस्थेच्या पत्रावर मिळतो आणि त्यासाठी पुरेसा पैसा आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. भारतातून घेतलेला प्रवास विमा अनेकदा पुरत नाही, म्हणून विमा घेण्याआधी न्यायालयाच्या मनुष्यबळ विभागाला अटी विचारा.

खोली शोधणं व्हिसापेक्षा अवघड. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर खोली पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' म्हणणारा घरमालक ठगच समजा. या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करू देणार का, हे आधी विचारा. नाही म्हणणारे बरेच असतात आणि नोंदणी अडली की बँक खातंही अडतं. आयसीसीची इमारत शहराच्या उत्तर कडेला, वाळूच्या टेकड्यांजवळ आहे. वाऱ्यापावसात सायकल चालवायची तयारी असेल तर शेव्हेनिंगेन बाजूची खोली सोयीची.

टेबलावरचं काम

पहिल्या आठवड्यात दस्तऐवज क्रमांक वाचायला शिका. 'आयसीसी-०१/०४-०१/०६-२८४२' याचा अर्थ: २००४ मध्ये उघडलेली पहिली 'परिस्थिती' (न्यायालयाच्या भाषेत, ज्या देशातल्या किंवा संघर्षातल्या गुन्ह्यांकडे ते पाहतं तो विषय), म्हणजे कांगो, तिच्यातला २००६ चा पहिला खटला, म्हणजे कांगोतल्या सशस्त्र गटाचे प्रमुख लुबांगा यांचा, आणि त्या नस्तीतला २,८४२ वा कागद, म्हणजे १४ मार्च २०१२ चा निकाल. क्रमांकामागे 'रेड' असेल तर गोपनीय भाग झाकलेली सार्वजनिक प्रत, 'कॉन्फ' असेल तर गोपनीय, 'कॉर' असेल तर दुरुस्त केलेली. दुरुस्त प्रत असताना जुनी उद्धृत करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. सगळे सार्वजनिक कागद लीगल टूल्स डेटाबेसवर मोफत मिळतात, म्हणजे हा सराव निघण्याआधी घरी बसून होऊ शकतो. करा.

दुसरी गोष्ट स्रोतांची उतरंड. रोम कराराचं कलम २१ सांगतं: आधी करार, गुन्ह्यांचे घटक आणि कार्यपद्धतीचे नियम, मग लागू पडतील ते करार आणि आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं, ती अपुरी पडली तर देशोदेशींच्या कायद्यांतून निघणारी सामान्य तत्त्वं. आयसीसी स्वतःचे जुने निकाल वापरू शकतं, वापरलेच पाहिजेत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या बंधनकारक निकालांवर वाढलेल्या भारतीय वकिलाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाचा १९९९ चा तादिच अपील निकाल संयुक्त गुन्हेगारी उपक्रमावर, म्हणजे सामायिक गुन्हेगारी योजनेत सामील असलेल्यांच्या जबाबदारीवर, कितीही गाजलेला असला तरी आयसीसीत तो बंधनकारक नाही. इथे सहगुन्हेगारीचं मोजमाप कलम २५(३)(अ) वरून होतं आणि लुबांगापासून 'गुन्ह्यावरील नियंत्रण', म्हणजे गुन्हा घडणं-न घडणं कुणाच्या हातात होतं, ही कसोटी चालत आली आहे.

तिसरी, अपील तपासा. कांगोचे माजी उपराष्ट्रपती बेंबा यांच्या प्रकरणात २१ मार्च २०१६ ला कलम २८ खाली, सेनापतीच्या जबाबदारीवर, दोषी ठरवणारा निकाल आला. सविस्तर आणि वाचनीय असल्याने नवखे त्यातले उतारे उचलतात. ८ जून २०१८ ला अपील विभागाने ३ विरुद्ध २ मतांनी तो फिरवून बेंबांना निर्दोष सोडलं. मेमोत जुना निकाल टीपेशिवाय दिसला की वरिष्ठ सहायक उरलेल्या सगळ्या तळटीपा स्वतः तपासायला घेतात आणि तुमच्या मेमोचा वेळ वाचवण्याचा उद्देशच संपतो.

संदर्भ नेहमी परिच्छेद क्रमांकाने, पान क्रमांकाने नाही. आठ-दहा पानांपेक्षा मोठा मेमो कुणी मागितला नसेल तर लिहू नका. वर अर्ध्या पानात उत्तर हवं. 'या मुद्द्यावर निर्णय सापडला नाही' हेही उत्तरच आहे, मात्र कुठे शोधलं ते लिहा.

गोपनीयतेत सवलत नाही. साक्षीदार क्रमांकाने ओळखले जातात आणि तो क्रमांकही घरी, फोनवर किंवा मित्राशी बोलताना उच्चारायचा नाही. कुठल्या खटल्यावर काम करता हे लिंक्डइनवर टाकण्याआधी वरिष्ठांना विचारा. गोपनीय मजकूर भाषांतराच्या किंवा एआयच्या सार्वजनिक साधनात टाकणं म्हणजे तो बाहेर देणंच. इथे लिहिलेले मेमो पुढे कुठल्याही अर्जाला जोडता येत नाहीत, त्यामुळे त्याच काळात सार्वजनिक कागदांवर आधारलेला एखादा स्वतःचा लेख लिहायला घ्या. परवानगी लागते का ते आधी विचारून.

निघण्याच्या दोन आठवडे आधी अर्धवट प्रश्नांची हस्तांतर टीप तयार करा: कुठला प्रश्न, कुठल्या डेटाबेसमध्ये कुठले शब्द घालून शोधलं, कुठल्या तारखेपर्यंतचे निकाल पाहिले, काय उरलं. मुदतीचं प्रमाणपत्र आणि बायोडेटात कामाचं वर्णन कुठल्या शब्दांत करता येईल याची लेखी संमती त्याच आठवड्यात मागून घ्या. नगरपालिकेतली नोंद रद्द करा, आणि खोलीचे फोटो काढून चावी दिल्याची पोच घ्या, म्हणजे अनामत परत मागता येईल.